पाडा बरा आहे

रकाना सातवा. राहण्याचे गाव व आळी : *कल्याण. पारनाका.*

शेणव्याचे राघो मास्तर अकरा वर्षे कल्याणला राहायला चालले होते. अजून पोचले नव्हते, इतकेच.

शाळेतून पेन्शनीत निघाले की कल्याणात एक घर घ्यायचे, ओट्यावर खुर्ची टाकायची, खुर्चीत बसायचे आणि समोरून शहर जाऊ द्यायचे, असा त्यांचा बेत होता. बेतातली खुर्चीसुद्धा ठरली होती. तिचा डावा हात थोडा सैल होता, कारण मास्तरांना स्वप्नातसुद्धा कोऱ्या करकरीत वस्तूचा संकोच वाटे. ठरली नव्हती ती फक्त आळी. घर म्हणजे चार भिंती, त्या पाडता येतात, बांधता येतात, शेजारी मात्र पाडता येत नाहीत, असे ते चौथीच्या मुलांना भूगोलाच्या तासाला सांगत. भूगोलाशी त्याचा संबंध काय, हे विचारण्याची चौथीत पद्धत नव्हती.

शेजारचा नामा विचारी. नामाची शेती होती, दोन गाड्या होत्या आणि प्रश्न विचारण्याची सवय होती. "मास्तर, कल्याणात कंच्या पाड्यात जाणार म्हंता?" असे तो विचारी, कारण शेणव्यात माणसे पाड्यातच राहतात. वरचा पाडा, खालचा पाडा, नदीकडचा पाडा. जगात याहून निराळी सोय असेल असे नामाला वाटत नसे. मास्तर मग हवेतच खडू खाली ठेवत आणि सांगत, की नामा, शहरात पाडा नसतो. शहरात आळी असते. पाडा म्हटलास की लोक हसतील. हे वाक्य त्यांनी अकरा वर्षांत इतक्या वेळा सांगितले, की गावातली बारकी पोरेसुद्धा एकमेकांना ढकलताना "शहरात पाडा नसतो" असे म्हणून ढकलू लागली.

या अकरा वर्षांत मास्तरांची बायको भागीरथी राहत कुठे होती, हे मात्र कुणी विचारले नाही. शेणव्यात म्हणावे तर शेणवा सोडायचा होता. कल्याणात म्हणावे तर कल्याण अजून यायचे होते. माजघरावरची सात कौले फुटलेली होती. बदलायची कशाला, जायचेच आहे. परसात शेवगा लावायचा होता; शेंगा धरेपर्यंत इथे कोण थांबतंय. दोन मुलींची लग्ने याच गळक्या घरातून झाली आणि दोन्ही वेळा मास्तरांनी व्याह्यांना हात जोडून सांगितले, की आता पुढच्या खेपेला कल्याणला या. पावसाळ्यात भागीरथी गळतीखाली सात भांडी मांडी. कुठले भरत आले ते तिला आवाजावरून कळे. ती तक्रार करत नसे. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमाराला, ती फक्त विचारी, "यंदा सारवू का नको?"

"सारव," मास्तर म्हणत, "पण थोडंच."

अशा थोड्याशाच सारवलेल्या घरात ती अकरा वर्षे होती, आणि सन अडतीसच्या पौषात मास्तर पेन्शनीत निघाले. आता बेताला सबब उरली नव्हती.

उरला होता तो पेन्शनीचा कागद. त्यात बारा रकाने होते. अकरा मास्तरांनी वळणदार अक्षरात भरले. सातवा भरण्यापूर्वी त्यांनी तीन वेळा टाक झटकला, मग 'पारनाका' असे लिहिले, कागद शहापुरास कचेरीत नेऊन दिला, आणि परत येताना निम्म्या वाटेत त्यांना वाटले की आपण पारनाक्याचा नीट विचार केलेला नाही.

रकाना सातवा : *कल्याण. पारनाका* (खोडले). *दूधनाका.*

कचेरीतला कारकून सज्जन होता. त्याने खाडाखोड करू दिली. फक्त इतकेच म्हणाला, की मास्तर, आधी राहायला जा आणि मग लिहा. मास्तर म्हणाले, राहायला जायचे तर पेन्शन तिथे मिळायला हवी, पेन्शन मिळायची तर रकाना भरायला हवा, आणि रकाना भरायचा तर राहायला कुठे जायचे ते ठरायला हवे. कारकुनाने हे दोनदा ऐकले, मग खिडकीबाहेर पाहिले, आणि पुढचा सगळा वेळ तो तिकडेच पाहत राहिला.

तेव्हा मास्तरांनी ठरवले, की माघात आठ दिवस कल्याणला धर्मशाळेत राहायचे आणि आळ्या शास्त्रशुद्ध रीतीने तपासायच्या. हे गावात कळायला वेळ लागला नाही. शास्त्र शेणव्यात मुबलक होते.

खालच्या पाड्यातली बाईजा आयुष्यात एकदाच, नवव्या वर्षी, कल्याणला गेली होती आणि तेव्हापासून त्या शहराविषयी अधिकाराने बोलत असे. तिने सांगितले, की माणसे बघू नका, घरे बघू नका, पाणी बघा. मूठभर तुरीची डाळ न्यायची आणि ज्या त्या आळीच्या पाण्यात शिजवून बघायची. डाळ शिजली नाही तर तिथे जन्म शिजणार नाही. नामाचे म्हणणे पडले, की कुत्री बघावीत. नव्या माणसावर अजिबात न भुंकणारे कुत्रे असेल तर तिथले लोक आळशी, आणि फार भुंकले तर भांडखोर. मधले कुत्रे शोधावे. भागीरथीचा भाऊ नवसू मुरबाडला अर्ज लिहून द्यायचा धंदा करी. त्याने अर्जाच्याच भाषेत कळवले, की सदरहू आळीत चार तास एके ठिकाणी बसून येणाऱ्याजाणाऱ्या इसमांची नोंद ठेवावी, आणि इतके करूनही समाधान न झाल्यास मुरबाड हेही शहरच आहे.

निघायच्या दिवशी नामाने खरा प्रश्न विचारला. या घराचे काय करायचे? खांब सागाचे, तुळया सागाच्या, दाराची चौकट तर मास्तरांच्या आजोबांच्या वेळची. आमच्याकडे घर सोडून जाताना लाकूड सोडून जात नाहीत. घर उतरवतात, गाड्यांत घालतात आणि नव्या जागी पुन्हा उभे करतात. मागे राहते ते जोते.

"कल्याणात घर पसंत पडलं की कार्ड टाकतो," मास्तर म्हणाले. "मग बघू."

भागीरथीने त्यांच्या पिशवीत डाळ बांधून दिली. किती दिवसांनी येणार, हे तिने विचारले नाही.

पारनाक्यावर पहिल्याच दारात मास्तरांनी कोट नीट केला, पिशवी पुढे धरली आणि बाहेर आलेल्या बाईंना विनयाने सांगितले, की बाई, एवढी डाळ आपल्या विहिरीच्या पाण्यात शिजवून पाहायची आहे. बाईंनी कोट पाहिला. पिशवी पाहिली. आत गेल्या आणि येऊन मूठभर तांदूळ डाळीवर घालून म्हणाल्या, "पुढच्या दाराला जा, बाबा."

तांदळाचे काही नाही. पण 'बाबा'. एकतीस वर्षे ज्या माणसाने विभक्तिप्रत्यय शिकवले त्याला 'बाबा'. मास्तर पुढच्या दाराला गेले ते खुलासा करायला गेले. तिथे खुलासा अर्धा ऐकून घेऊन पुन्हा तांदूळ पडले. तिसऱ्या दारात ते काहीच बोलले नाहीत, तर गुळाचा खडा मिळाला. संध्याकाळी धर्मशाळेत बसून त्यांनी त्या सगळ्याची खिचडी केली. डाळ सुरेख शिजली. पाणी मात्र धर्मशाळेच्या विहिरीचे होते, आणि धर्मशाळा विकाऊ नव्हती.

रकाना सातवा : *दूधनाका* (मनातल्या मनात खोडले).

दूधनाक्यावर मास्तरांनी नवसूची रीत धरली. एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसून वहीत लिहायला सुरुवात केली. साडेआठ, छत्रीवाला एक, ऊन असून छत्री मिटलेली. पावणेनऊ, दोन बायका, एकीच्या बोलण्यावर दुसरी हसली. नऊ, कुत्रे एक, भुंकले दोनदा, मधले वाटते.

दहाच्या सुमारास समोरच्या घरातले वृद्ध गृहस्थ खाली आले आणि हात जोडून म्हणाले, की आमचे घर दिसते तेवढे मोठे नाही. मास्तरांना हे बोलणे आवडले. गृहस्थांनी त्यांना आत नेले. भिंतीला गेलेला तडा दाखवला. मागची पडवी पडवीत धरू नये, ती कधीही पडेल, असे सांगितले. तेवढ्यात शेजारचे आले आणि म्हणाले, यांचे निदान उभे तरी आहे, आमचे चला बघा. मग तिसऱ्याने ढेकूण सांगितले, चौथ्याने विहिरीला मार्गशीर्षातच तळ लागतो असे सांगितले, आणि एका बाईंनी वाशाला लागलेली वाळवी स्वतः बोटाने पाडून दाखवली. मास्तरांनी वहीचे नवे पान उघडले. आपल्या घराविषयी इतके खरे बोलणारी माणसे त्यांनी पाहिली नव्हती. आळी राहण्याजोगी बिलकूल नव्हती, पण माणसे देवासारखी होती. त्यांनी सगळे लिहून घेतले.

दुपारी ताक आले. ताक पिऊन होता होता वृद्ध गृहस्थांनी हळूच विचारले, की मग यंदा घरपट्टी कितीने कमी धरता?

मास्तरांनी पेला खाली ठेवला. भिकारी समजल्याचा अपमान मोठा, की सरकारी माणूस समजल्याचा, यावर धर्मशाळेपर्यंतच्या वाटेवर त्यांनी विचार केला. भिकाऱ्याला निदान खरे तांदूळ मिळाले होते.

रकाना सातवा : *कल्याण. तळ्यापलीकडे* (आळीचे नाव विचारायचे राहिले).

सहाव्या दिवशी मास्तर काहीही न तपासता नुसते चालत होते. तळ्याला वळसा घालून ते एका बोळात शिरले, आणि बोळ त्यांच्या ओळखीचा निघाला.

ते तिथे कधी आले नव्हते, तरी सगळे जागच्या जागी होते. उन्हे कलली होती आणि बोळाच्या एकाच बाजूला ऊन होते, दुसरी बाजू त्याकडे बघत बसली होती. कुणाच्या तरी घरात कुणी पेटीवर एकच सूर धरून ठेवला होता आणि सोडत नव्हते. एक कुत्रे होते. ते मास्तरांकडे पाहून भुंकणार होते, पण त्याने विचार बदलला. बोळाच्या शेवटी, कुलूप लावलेले, एका खणाच्या ओट्याचे घर होते. ओटा रुंद होता. खुर्ची ठेवून पाय लांब करण्याइतका रुंद.

मास्तर समोरच्या पायरीवर बसले आणि तो ओटा बघत राहिले. हळूहळू खुर्चीत ते स्वतः दिसू लागले. आत कोट, बाहेर उपरणे. शहर समोरून जात होते, फार घाई न करता, आणि जाताना मान लववत होते. भागीरथी कुठे आहे म्हणून त्यांनी स्वप्नात मागे वळून पाहिले. आत काळोख होता आणि भांड्यांचा आवाज येत होता. म्हणजे होती. मास्तर पुन्हा पुढे बघू लागले.

शेजारच्या दारातल्या म्हाताऱ्याने आपण होऊन सांगितले, की घर त्याच्या भावाचे, विकायचे आहे, पण घाई नाही. 'घाई नाही' हे शब्द ऐकून मास्तरांना तो माणूस फार जवळचा वाटला.

त्याच तंद्रीत ते टपाल कचेरीत गेले आणि कार्ड घेतले. मास्तर कार्ड मोडीत लिहीत. मोडीत वर एक रेघ ओढायची आणि तिला अक्षरे टांगत जायची. शब्द कुठे तुटला, वाक्य कुठे संपले, हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे. वहीत ते बाळबोध लिहीत आणि पूर्णविराम सुईने टोचल्यासारखा देत, पण कार्डावर मोडीच, कारण मोडीत हात उचलावा लागत नाही आणि त्या संध्याकाळी त्यांना हात उचलवत नव्हता. आळीचे नाव विचारले नव्हते. नाव नाही, तर निदान आळी बरी आहे इतके तरी कळवावे. आणि इतका थकलेला, इतका सुखावलेला माणूस शहरातल्या भाषेत लिहीत नाही. तो आईने शिकवलेल्या भाषेत लिहितो.

कार्ड गेले ते असे :

*कल्याणासघरपाहिलेपाडाबराआहेमागाहूनलिहितो*

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पुन्हा त्या बोळात गेले. म्हातारा कुलूप काढून उभा होता. "मग," तो म्हणाला, "राहायला कधी येताय?"

मास्तरांनी ओट्यावर ठेवलेला पाय मागे घेतला. अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. सगळे विचारत, कुठे जाणार. कधी येणार, असे कुणीच नाही. एकदम त्यांच्या ध्यानात आले, की ओट्यावर सकाळचे ऊन थेट डोळ्यांवर येते. पेटीचा तो सूर दिवसाउजेडी जरा चिरका होता. कुत्रेही मधले नव्हते, नुसते म्हातारे होते.

"विचार करून कळवतो," मास्तर म्हणाले, आणि बोळातून बाहेर पडताना त्यांना शाळा सुटल्यासारखे हलके वाटले.

धर्मशाळेत आठाचे अकरा दिवस झाले तेव्हा ते घरी निघाले. आसनगावला उतरून शेणव्यापर्यंत चालताना त्यांनी भागीरथीला सांगायची कारणे तयार केली. चांगली नऊ झाली. वाटेत दहावे सुचले. पुढच्या माघात पुन्हा जाऊ, तेव्हा गांधारीच्या बाजूला बघू, तिकडे हवा मोकळी आहे म्हणतात. असे मनात घोळवत ते शाळेच्या वळणावर आले आणि थांबले.

घराच्या जागी डोंगर होता.

चांगला होता डोंगर. निळा, मागे एक फिकट, त्याच्या मागे आणखी फिकट. तो तिथे नेहमीच असणार, पण मधे घर असल्यामुळे मास्तरांनी तो या जागेवरून कधी पाहिला नव्हता. क्षणभर त्यांना वाटले, काय सुंदर जागा आहे ही, इथे एखादे घर हवे होते.

मग त्यांना माणसे दिसली. अर्धा गाव होता. कौले ओळीने रचलेली, फुटकी निराळी. वासे निराळे, तुळया निराळ्या. खांबांवर शाळेच्या खडूने आकडे घातलेले, नामाच्या हातचे, पाच उलटा. बाईजा सावलीत बसून सगळ्यांना कल्याणातले खांब कसे असतात ते सांगत होती. मधोमध उघड्या जोत्यावर भागीरथी चुलीपाशी बसून भाकऱ्या थापत होती, आणि वर आभाळ होते.

मास्तर पुढे झाले. उंबरा होता तिथे त्यांनी वहाणा काढल्या. उंबरा नव्हता. तरी त्यांनी काढल्या, पाय उचलून आत ठेवला, आणि त्यांच्या लक्षात आले की बाकीचे लोकही भिंत नसून भिंतीतून जात नाहीत. भाकरी न्यायला येणारा प्रत्येक जण दारातूनच आत येतो आहे.

"आलात?" नामा म्हणाला. "म्हटलं तुमी येईपर्यंत उतरवून ठेवू. कार्ड आलं तवाच धरलं कामाला."

कार्ड चौकटीच्या फटीत नीट खोचून ठेवले होते. मास्तरांनी ते काढले, वाचले, आणि पुन्हा वाचले. मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. 'कल्याणास घर पाहिले', इथे वाक्य संपले. 'पाडा बरा आहे', हे दुसरे. पाडा म्हणजे वस्ती, ठिकाण, शेजार. तुम्ही वाचलेत ते 'कल्याणास घर पाहिले, पाडा, बरा आहे'. म्हणजे घर पाडा, आणि मी बरा आहे. अर्थाचा केवढा अनर्थ.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. नामाने डोके खाजवले. त्याला मास्तरांना दुखवायचे नव्हते.

"पण मास्तर," तो म्हणाला, "शहरात पाडा नसतो ना?"

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. बाईजाने तर मास्तरांचीच बाजू घेतली आणि म्हणाली, एवढा शिकलेला माणूस पाडा कशाला लिहील, पाडा असेच लिहिले असणार. यातला कुठला पाडा कुठला, ते तिच्या बोलण्यावरून कळेना.

माणसे जेवून पांगली तेव्हा मास्तर माजघरात बसले, म्हणजे पूर्वी माजघर होते तिथे. तयार करून आणलेली दहा कारणे आता कशाचीही कारणे राहिली नव्हती.

"कार्ड कुणी वाचून दाखवलं?"

"मीच," भागीरथी म्हणाली. "मोडी मला तुमीच शिकवलीत."

"एकदा वाचून समजत नाही मोडी. दुसऱ्यांदा वाचायचं असतं."

"वाचलं ना," ती म्हणाली. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. "दुसऱ्यांदा वाचलं, नि मग नामाला हाक मारली."

मास्तरांनी हातातले कार्ड खाली ठेवले. ती तव्याकडे बघत होती.

"म्हणजे तुला कळलं होतं."

"मला काय, शहराचं ठाव नाय," भागीरथी म्हणाली. "घर घेतलंत का तिकडं?"

"नाही."

"ठाव होतं." ती रागावलेली नव्हती, त्यामुळे मास्तरांना आणखी अवघड झाले. "आता कुठंबी उभं करा. कल्याणात करा, मुरबाडात करा, इथंच करा. पण करायचं ते एकदाच. सात कौलं मी टाकून दिली. उद्या नामा गाड्या जुंपतो. तुमी फक्त सांगा, कुठं."

चार गाड्या निघाल्या, दोन नामाच्या, दोन गावातल्या. पहिलीत खांब, दुसरीत तुळया आणि वासे, तिसरीत कौले. चौथीत दाराची चौकट आडवी मावेना, म्हणून नामाचा गडी लडकू याने ती उभी करून दोरांनी बांधली; तिच्याच पुढे भांड्यांच्या हाऱ्याशी भागीरथी बसली, मांडीवर चुलीचे तीन दगड टोपलीत घेऊन. मास्तर मागून चालत होते. कुठे, हे त्यांनी अजून सांगितले नव्हते. किन्हवलीवरून मुरबाडला जाणारा फाटा आला तेव्हा त्यांनी तोंड उघडले, पण बैल बाजाराच्या सवयीने शहापूरकडे वळून मोकळे झाले होते.

त्या वाटेवर मास्तरांनी जे पाहिले ते सगळे दारातून पाहिले. चौकट पुढे डुलत होती आणि तिच्यात जग येऊन जात होते. दारात एक विहीर आली, रहाटासकट, आणि गेली. दारात कापणी झालेले शेत आले, त्यात बगळे. दारात पूर्ण एक गाव आले, कोंबड्या, वाळत घातलेली लुगडी, ओट्यावर दाढी करून घेणारा माणूस. मास्तरांना वाटले, इथे राहावे. मग त्या माणसाच्या दाढीसह गाव बाजूला सरकले आणि पळसाची झाडे आली, नुकती पेटू लागलेली. तिथेही राहावेसे वाटले. अकरा वर्षे ज्याच्यासाठी झुरले तेच हे होते, हे त्यांना उमगले: सगळी ठिकाणे एका दारातून जावीत, आणि एकाही ठिकाणी दार थांबू नये. इतके सुखी ते कधीच नव्हते.

लोक विचारत, घर कुठं चाललं? नामा सांगे, मास्तर ठरवतायत. शहापुरात मुक्काम झाला. तिथे निम्म्या बाजाराने आपापली आळी सुचवली आणि उरलेल्या निम्म्याने त्या सगळ्या आळ्यांना नावे ठेवली. मास्तरांनी सगळे वहीत लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी वाशिंदला बैल पाण्यावर थांबले. स्टेशनच्या अलीकडे, भाताच्या खाचरांच्या कडेला दोन घरे होती आणि तिसऱ्याची मोकळी जागा होती. पहिल्या घरातून एक बाई हात पुसत बाहेर आली. तिचे नाव चंद्रकला, हे नंतर कळले. तिने गाड्या पाहिल्या, चौकट पाहिली, आणि घर कुठं चाललं हे विचारलेच नाही. ती सरळ चौथ्या गाडीपाशी आली आणि भागीरथीच्या मांडीवरची टोपली पाहून म्हणाली, "कालपास्नं चूल नाय पेटली वाटतं, बाय?"

"नाय," भागीरथी म्हणाली.

"मंग उतर की. ठेव दगड तिथं, सासऱ्याचीच जागा हाय, कोण बोलत नाय. मी इस्तव आनते."

भागीरथी गाडीतून उतरली. जागेवर चार पावले इकडे चालली, दोन तिकडे, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मग तिने तीन दगड मांडले. मांडताना तिने कुणाला विचारले नाही. चंद्रकला पळीत निखारे घेऊन आली, दोघी वाकल्या, फुंकर कुणाची लागली ते कळले नाही, आणि धूर वर गेला. मग चंद्रकलेने विचारले, कालवण काय करणार, आणि भागीरथी बोलू लागली. मास्तरांनी तिला सलग इतके बोलताना गेल्या अकरा वर्षांत ऐकले नव्हते.

नामाने लडकूला खूण केली. लडकू चौकटीचे दोर सोडू लागला.

मास्तर पुढे आले. वही त्यांच्या हातात उघडी होती. ते हळू आवाजात म्हणाले, की हे पाणी आपण पाहिलेले नाही. इथली माणसे ठाऊक नाहीत. कल्याण तासाभरावर आहे, गांधारीची बाजू बघायची राहिली आहे, आणि तळ्यापलीकडच्या त्या म्हाताऱ्यालाही विचार करून कळवतो असा शब्द दिलेला आहे.

भागीरथीने वर पाहिले. धुराने तिचे डोळे ओलावले होते आणि ती हसत होती.

"मग जावा की," ती म्हणाली. "स्टेशन समोर हाय. दर शनवारी जावा, मन भरंस्तवर घरं बघा. मी काय बोलणार नाय."

मास्तरांना हे इतके सोपे असेल असे वाटले नव्हते. त्यांनी वही मिटली. कोट नीट केला.

"फक्त येताना," भागीरथी म्हणाली आणि तिने पातेले चुलीवर ठेवले, "इथं या."